हाताला लावलेलं कूट

ती घटना विसरावी असं मला फार वाटलं, पण ती काही विसरता येत नाही. निवृत्त होऊन आता चार वर्षं झाली. खून, दरोडे, बिबट्याच्या हल्ल्यातले पंचनामे, जमिनीच्या बांधावरून फुटलेली डोकी, सगळं हळूहळू पुसट होत चाललंय. ही एक केस मात्र पुसट होत नाही. तिच्यात ना चोर होता, ना खुनी. चुकलेला माणूस होता आणि त्या माणसाच्या खांद्यावर तारे होते.

नावं कुणाचीच लिहीत नाही. गाव पिंपळवंडीच्या अल्याडपल्याडचं, एवढं पुरे. मी तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी घेऊन चहा पीत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आले. म्हणाले, "साहेब, आळेफाट्याच्या दवाखान्यातून फोन आहे. चोवीस वर्षांची विवाहिता, रस्त्यातच गेली. लग्नाला दीड वर्ष."

लग्नाला सात वर्षं झालेली नसताना बाई मेली की आमच्याकडे सगळे सावध होतात. मरणोत्तर पंचनामा तहसीलदारांकडून होतो, माहेरच्यांचा जबाब आधी घेतला जातो. अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि दवाखाना गाठला. मुलीचा चेहरा आणि ओठ सुजले होते, अंगावर गांधी उठल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "घसा आतून सुजून श्वास बंद झालेला दिसतोय. काहीतरी बाधलं असावं. मत राखून ठेवतो, व्हिसेरा पाठवा."

मुलीचे वडील शिक्षक होते. माणूस रडत नव्हता. म्हणाला, "साहेब, माझ्या लेकीला लहानपणापासून शेंगदाणा चालत नव्हता. एक दाणा पोटात गेला तरी जीव जायची वेळ यायची. लग्न ठरवताना मी चार माणसांत सांगितलं होतं. सासूला पक्कं ठाऊक होतं. तिनंच घातला."

आमच्या भागात शेंगदाण्याचं कूट न घालता स्वयंपाक करणं म्हणजे चेष्टा नाही. भेंडीत कूट, वांग्यात कूट, खिचडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट. कुणी भाजीत काय घातलं विचारलं, तर बाया तेल, मीठ, मसाला सांगतील. कुटाचं नाव घ्यायचं त्यांच्या ध्यानातही येत नाही, इतकं ते गृहीत. अशा घरात ही मुलगी नांदत होती.

घरी जाऊन पंचनामा केला. तिथं एक प्लॅस्टिकचं पाकीट सापडलं, नाचणीच्या लाडवांचं. आंबेगाव तालुक्यातल्या डोंगरातल्या एका बचत गटाचं. सहा लाडवांतले पाच शिल्लक होते. सासू म्हणाली, सुनेनं चहाबरोबर हाच एक लाडू खाल्ला, आणि पाच-दहा मिनिटांत ओठ सुजायला लागले. मुलगा माल घेऊन बाजार समितीत गेला होता. तिनं शेजाऱ्याची पिकअप थांबवली आणि सुनेचं डोकं मांडीवर घेऊन निघाली. आळेफाटा येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी पाकीट उलटं करून पाहिलं. मागे छापलं होतं: घटक – नाचणी, गूळ, साजूक तूप, वेलदोडा. बस्स. शेंगदाण्याचं नाव नाही.

इथंच माझी गाडी घसरली. मी मनाशी म्हटलं, पाकिटात शेंगदाणा नाही, मुलीच्या पोटात शेंगदाणा गेला, मग तो घातला कुणी? घरात दोनच बाया. उत्तर मला दोन मिनिटांत मिळालं आणि ते इतकं सोपं होतं की मी त्याच्यावर खूश झालो. छापील कागदावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. समोर बसलेल्या जित्याजागत्या बाईवर ठेवला नाही.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. आमचा एक जुना खबऱ्या होता, गावात चहाची टपरी चालवायचा. म्हणाला, "साहेब, म्हातारीनं आठवड्याच्या बाजारात दोन किलो शेंगदाणे घेतले व्हते. मी सवता बघितलं. आन सून आल्यापास्नं लई कुरकुर चालायची तिची. म्हनायची, हिच्यापायी आमाला बिनकुटाचं गिळावं लागतंय."

झालं! हेतू मिळाला, साधन मिळालं. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच. त्या कुरकुरीचा खरा अर्थ काय, हा विचार माझ्या डोक्यात शिरला नाही. जी बाई बिनकुटाचं खावं लागतं म्हणून कुरकुरते, ती बिनकुटाचंच रांधत असते की!

कायद्यानं बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. मी तिला ठाण्यात बोलावलं. सलग तीन दिवस सकाळी दहाला बोलवायचं, बाकावर बसवायचं आणि दिवे लागायच्या आत घरी सोडायचं. गुन्हा दाखल नव्हता, अटक नव्हती, 'नुसती चौकशी' होती. ह्या 'नुसत्या चौकशी'त माणसाचं काय काय जातं, ते बाकावर बसल्याशिवाय कळत नाही. ठाण्यासमोरून जाणारी प्रत्येक एसटी तिथं वेग कमी करायची आणि खिडक्यांतून माणसं बघायची.

बाई पंचावन्नच्या आसपास. नऊवारी, काटक बांधा, हात शेतात राबून राबून खरखरीत झालेले. लिहितावाचता येत नव्हतं. मी विचारलं, "बाई, खरं सांग. लाडवात काय मिसळलंस?"

"काय न्हाई मिसळलं साहेब. पाकीट जुन्नरच्या बाजारात घेतलं. तिनंच वाचलं. मला म्हनली, आत्या, ह्यात न्हाई शेंगदाना, घ्या."

आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात. मी म्हणालो, "आता ती सांगायला येणार नाही, म्हणून तिचं नाव घेतेस होय?"

तिनं नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"शेंगदाणे कशाला घेतले होते?"

"लेकीला धाडले मंचरला. सून घरात आल्यापास्नं आमच्यात दाना आनत न्हाई मी. लेकीला उपासाला लागत्यात, तिला एसटीनं धाडले."

मंचरला एक शिपाई पाठवला असता तर दोन तासांत खरंखोटं झालं असतं. मी पाठवला नाही. मला वाटलं, लेक आईचीच बाजू घेणार, विचारून उपयोग काय. तपासात ज्या गोष्टीची भीती वाटते ती तपासायची टाळतात, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत शंभर वेळा बोललो असेन.

जबाबाच्या वेळी आमची महिला हवालदार हजर असायची. आंबेगावच्या डोंगरातली मुलगी, घोडेगावच्या पुढचं तिचं माहेर. कमी बोलायची. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "साहेब, बाई खोटं बोलत नाही असं वाटतंय. ती प्रत्येक वेळी तेच वाक्य सांगते, पण पाठ केल्यासारखं नाही सांगत."

मी म्हणालो, "तुझं वाटणं डायरीत लिहिता येत नाही."

किती रुबाबात म्हणालो होतो मी ते! आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

तिसऱ्या दिवशी मुलाला बोलावलं. तिचा एकुलता एक. बायको जाऊन आठवडाही झाला नव्हता. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्याला मी वेगळ्या खोलीत घेतलं आणि आमच्या पोतडीतली जुनी युक्ती काढली. दोघांवर संशय असला की एकाला सांगायचं, दुसऱ्यानं कबूल केलंय. शंभरातली साठ कोडी ह्यानंच सुटतात, असं मला माझ्या वरिष्ठांनी शिकवलं होतं आणि मी माझ्या हाताखालच्यांना शिकवत होतो.

मी त्याला म्हणालो, "तुझ्या आईनं कबूल केलंय. शेंगदाणा तिनंच घातला. आता तुला काय माहीत होतं ते सांग."

तो माझ्याकडे बघतच राहिला. रागावला नाही, ओरडला नाही. म्हणाला, "कशापायी केलं, ते सांगितलं का तिनं?"

आणि मग तो जो रडायला लागला, तो थांबेचना. माझी खात्री पटली की पोराला काही माहीत नाही. युक्ती यशस्वी झाली. त्याचा जबाब उतरवला आणि त्याला जाऊ दिलं. आता इथं मी काय करायला हवं होतं? 'बाबा रे, तुझ्या आईनं काही कबूल केलेलं नाही, मी तुला चाचपत होतो,' एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. बोललो नाही. खोटं बोलायचं, काम झालं की विसरून जायचं, अशीच आमची सवय.

बाहेर ती बाकावर बसली होती. मुलगा तिच्यासमोरून गेला. ती उठून म्हणाली, "आरं, काय खाल्लंस का सकाळधरनं?" त्यानं मान वळवली नाही. सरळ फाटकातून बाहेर गेला. ती बराच वेळ तशीच उभी राहिली आणि मग पुन्हा बसली. मला वाटलं, गुन्हेगाराला घरचेच ओळखतात. खरं सांगतो, असंच वाटलं मला तेव्हा!

त्याच संध्याकाळी तो कपडे घेऊन चाकणला गेला, कारखान्यात कामाला लागला. घराकडे फिरकला नाही. आईचा फोन घेईना. गावानं काय ते समजून घेतलं. पोटच्या पोरानं टाकली म्हणजे बाईनंच केलं असणार. तिच्याकडचं हळदीकुंकू बंद झालं. टोमॅटोच्या तोडणीला बाया येईनात. एका म्हातारीनं तर तिच्या हातचं पाणी नाकारलं.

व्हिसेराचा अहवाल यायला वेळ लागतो. आला तेव्हा त्यात लिहिलं होतं, विष आढळलं नाही. उरलेल्या पाच लाडवांतही विष नाही. मी कपाळाला हात लावला. प्रयोगशाळेला पाठवायच्या पत्रात आम्हीच विचारलं होतं, 'विष आहे काय?' त्यांनी विचारलं त्याचं उत्तर दिलं. लाडवात शेंगदाणा आहे काय, हे आम्ही विचारलंच नव्हतं. कसं विचारणार? पाकिटावर तर नाही म्हणून लिहिलेलं!

मुद्देमालाच्या खोलीत दर महिन्याला मोजणी असते. अहवालानंतरच्या मोजणीला महिला हवालदार यादी वाचत होती आणि मी टिकमार्क करत होतो. लाडवाच्या पाकिटाचा नमुना हातात आला तशी ती थांबली. पाकिटावरचं गटाचं गाव तिनं दोनदा वाचलं.

"साहेब, हे आमच्या खोऱ्यातलं गाव आहे. एक विचारू?"

"विचार."

"लाडू वळताना गुळाचा पाक हाताला चिकटतो. तुमच्याकडं काय लावतात हाताला?"

"तूप लावत असतील."

"आमच्याकडं तूप कुठलं हाताला लावायला! ते लाडवात घालायलाच पुरत नाही. आमच्या बाया शेजारी परातीत कूट घेऊन बसतात. दर लाडवाला तळहात कुटात बुडवायचा आणि मग वळायचा. कूट चिकटू देत नाही. माझी आई असंच करते."

मी पेन खाली ठेवलं. म्हणालो, "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "साहेब, मलाही आत्ताच सुचलं. ती काय लाडवात घालायची वस्तू आहे म्हणून कधी डोक्यातच आलं नाही."

पुण्याहून अन्न सुरक्षा अधिकारी आले. त्यांना घेऊन आम्ही घोडेगाव ओलांडून वर डोंगरात गेलो. भाताची खाचरं, उतारावर नाचणी आणि वरई. समाजमंदिराच्या खोलीत आठ बाया लाडू वळत बसल्या होत्या. डोक्याला टोप्या, खोली लख्ख सारवलेली. आणि प्रत्येकीच्या उजव्या हाताला एक परात, तीत पांढरट कूट.

अधिकाऱ्यांनी गटाच्या प्रमुख बाईला विचारलं, "ताई, हे कूट पाकिटावर का नाही लिहिलं?"

ती हसली. "आवं पावणं, लाडवात काय घातलं ते लिवलंय की समदं. हाताला काय लावलं ते कोन लिवतं व्हय?"

त्या हसण्यात लबाडी नव्हती. त्यांनी जे मापानं घातलं ते सगळं प्रामाणिकपणे सांगितलं होतं आणि जुन्नरच्या छपाईवाल्यानं ते तसंच छापलं होतं. अधिकारी खाली मांडी घालून बसले आणि त्यांनी समजावून सांगितलं. पाकिटावर सगळे घटक लिहायचे, वजनानं जास्त असेल तो आधी. आणि शेंगदाणा, दूध, गहू, सोयाबीन असल्या ज्या वस्तू काही माणसांना बाधतात, त्या वेगळ्या ओळीत ठळक लिहायच्या. चिमूटभर असल्या तरी, नुसत्या त्याच भांड्याला लागल्या असल्या तरी. "एखादा माणूस त्या ओळीवर जीव टाकून खात असतो, ताई."

प्रमुख बाई म्हणाली, "आमाला शिकवनीत वजन, तारीख आन भाव लिवायचं सांगितलं व्हतं. हाताचं कुनी इचारलं न्हाई. का वो, काय झालं?"

मी सांगितलं काय झालं ते. आठही जणींचे हात परातीवर जिथल्या तिथं थांबले. एकीनं पदर तोंडाला लावला. प्रमुख बाईनं आपला तळहात उलटासुलटा करून पाहिला, लुगड्याला पुसला, पुन्हा पुसला. पुढं त्यांच्यावर कायद्याप्रमाणे कारवाई झाली आणि ती खोली बंद पडली. त्यांचंही मला वाईट वाटतं. घरी पोरंबाळं वाट पाहत असलेल्या बाया होत्या त्या. पण मेलेली मुलगीही कुणाचं तरी पोरच होती, तेव्हा त्यांचा दोष नाही असं मला म्हणवत नाही.

तिथून घेतलेल्या नव्या नमुन्यात शेंगदाणा निघाला. जुन्या लाडवांतही निघाला. मंचरच्या लेकीनं सांगितलं, शेंगदाणे तिच्याच डब्यात होते. अंतिम अहवाल लिहिला, मृत्यू अपघाती, सासूविरुद्ध काहीही नाही. मुलीच्या वडिलांना बोलावून सगळं वाचून दाखवलं. ते शिक्षक होते. पाकिटाचा फोटो हातात धरून म्हणाले, "मीच तिला शिकवलं होतं साहेब, कुठलीही वस्तू वाचल्याशिवाय तोंडात घालायची नाही."

मग मी चाकणला गेलो. मुलगा कारखान्याच्या फाटकाबाहेर भेटला. मी म्हणालो, "तुझ्या आईनं काही केलेलं नाही. तपास पूर्ण झालाय."

तो शांतपणे म्हणाला, "तिनं कबूल केलं व्हतं ना? तुमीच सांगितलं."

"ते खोटं होतं. तपासाचा भाग म्हणून बोललो होतो मी."

"मग आता खरं बोलताय कशावरनं?"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं आडवं घेतलं नव्हतं. मी अहवाल काढला, बायांचे जबाब काढले, परातीचे फोटो दाखवले. त्यानं एकेक कागद वाचला. मग तो फाटकाला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "पाच महिने झाले वो साहेब. पाच महिने मी तिचा फोन कापतोय."

त्याला मी माझ्याच गाडीत घालून गावी नेलं. आई पडवीत तांदूळ निवडत होती. त्यानं तिचे पाय धरले. तिनं त्याला उठवलं, त्याचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "हातपाय धू. भाकरी टाकते." मी अंगणात वर्दीत उभा होतो. शेजारच्या घरांतून माणसं बघत होती. तीच वेळ होती गावाच्या देखत मोठ्यानं सांगायची, की ह्या बाईचा दोष नाही, दोष माझा आहे. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "बरं मावशी, येतो." वर्दीत माफी मागायची सवय नसते. ही लंगडी सबब आहे, मला कळतं.

त्यानंतर कबुलीची ती युक्ती मी कधी वापरली नाही आणि हाताखालच्यांना वापरू दिली नाही. त्यांना सांगायचो, बाबांनो, आरोपी सुटतो किंवा अडकतो, पण तुम्ही त्याच्या कानात जे घालता ते आत राहतं. आणि माणूस खरं सांगतोय की खोटं, हे ठरवायच्या आधी त्यानं सांगितलेली जागा जाऊन बघा. मंचर काही फार लांब नव्हतं.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी साध्या कपड्यांत तिच्याकडे गेलो. तिनं ओळखलं. चहा केला. पाय चांगलेच थकले होते तिचे. मुलगा शेतावर होता, दोघं एकत्रच राहत होते. पण सांगताना म्हणाली, "बोलतो आता. इचारलं तेवढं बोलतो. मी बी तेवढंच इचारते." दोघांमध्ये काहीतरी कायमचं मोडलं होतं, हे न समजायला मी काही लहान नव्हतो.

मी कप खाली ठेवला आणि हात जोडले. म्हणालो, "मावशी, माझं चुकलं. मी तुमच्या मुलाशी खोटं बोललो. त्याची शिक्षा तुम्ही भोगली. मला माफ करा."

तिनं माझे जोडलेले हात खाली केले. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर.

"तुमच्यावर माझा राग न्हाई, साहेब," ती म्हणाली. "तुमाला मी ठावं न्हवते. त्याला व्हते."